‘रोनरोको’ ऐका, आणि तार सोडायला शिका

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकानं ऐकावा असं मला मनापासून वाटतं, त्या अल्बमचं मुख्य वाद्य गिटार नाहीच. गुस्तावो सांताओलाया यांचा ‘रोनरोको’, १९९८ सालचा. गायन नाही, ड्रम्सचा धडाका नाही. अर्जेंटिनातला एक रॉक गिटारवाला हातातली इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवतो आणि अँडीज पर्वताकडचं एक लहानसं वाद्य घेऊन बसतो. रोनरोको म्हणजे चारांगो या तिथल्याच छोट्या तंतुवाद्याचा थोरला भाऊ. दहा तारा, पाच जोड्यांत लावलेल्या, आवाज चारांगोपेक्षा खालचा आणि गोल.

मी सांगलीत विश्रामबागेत गिटार शिकवते. क्लासला येणारी पोरं हल्ली एक फर्माईश हमखास करतात, “मॅडम, ती ‘द लास्ट ऑफ अस’ची ट्यून शिकवा की!” २०१३ साली आलेला हा व्हिडिओ गेम, नंतर २०२३ मध्ये त्यावर मालिकाही आली. दोन्हींचं संगीत सांताओलाया यांचंच, आणि गेमची ती मुख्य धून रोनरोकोवरच वाजलेली आहे. पोरांना सूर दोन दिवसांत सापडतात. सुरांमधली जागा मात्र सापडत नाही. एक सूर वाजला न वाजला तोच दुसऱ्यावर उडी. अशा पोरांना मी आता आधी ‘रोनरोको’ ऐकायला लावते आणि मगच गिटार हातात देते.

त्यातही पहिल्यांदा ‘इग्वाझू’ ऐका. एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक वेळी तिच्याभोवती थोडं काही वाढत जातं, आणि तार छेडल्यावर मागं रेंगाळणारा सूर, म्हणजे आस, पूर्ण ऐकू येते. बोट तारेवरून सरकल्याचा आवाजही रेकॉर्डिंगमध्ये राहू दिलाय. हल्ली असले आवाज पुसून टाकायची घाई असते. इथं ते ठेवलेत म्हणून माणूस समोर बसून वाजवतोय असं वाटतं.

हा तुकडा मी मिरजेला सतारमेकर गल्लीतल्या एका जुन्या कारागिरांना ऐकवला. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत जवारी, म्हणजे तारेच्या आवाजातली ती गुंजणारी झार, काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. तारेखाली दोरा किंचित पुढं-मागं सरकवला की आवाज कसा खुलतो, हे त्यांच्या कानाला जितकं कळतं तितकं मला या जन्मात कळायचं नाही. हेडफोन काढून चाचा म्हणाले, “याला घाई नाही. तार सोडतो आणि ती काय म्हणते ते ऐकतो.” या अल्बमबद्दल याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

आता हे ऐकणं त्यांच्यात आलं कुठून? माझं मत असं, की ते दुसऱ्यांचं संगीत रेकॉर्ड करून घेणाऱ्या निर्मात्याच्या खुर्चीतून आलं. सांताओलाया १९५१ साली जन्मले. विशी गाठायच्या आतच ‘आर्को इरिस’ हा बँड काढून त्यांनी रॉकमध्ये आपल्या मातीतलं लोकसंगीत मिसळायला घेतलं. १९७६ मध्ये अर्जेंटिनात लष्करी राजवट आली, रॉक वाजवणारी पोरं सत्तेच्या डोळ्यांत खुपू लागली. १९७८ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. पण माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं आहे, आणि ते ऑस्करचं नव्हे. गायक लेओन हिएको यांच्याबरोबर त्यांनी ‘दे उशुआइया आ ला कियाका’ हा प्रकल्प केला, १९८५ मध्ये त्याच्या तबकड्या येऊ लागल्या. उशुआइया म्हणजे देशाचं दक्षिण टोक, ला कियाका उत्तरेची सीमा. वाटेवरच्या लोककलावंतांना स्टुडिओत बोलवायचं सोडून हे लोक रेकॉर्डिंगचं सामान घेऊन त्यांच्या गावात गेले. दुसऱ्याचं वाजवणं त्याच्याच अंगणात बसून टिपायचं, तर आधी स्वतः गप्प बसता आलं पाहिजे. त्याच नावाचा एक तुकडा ‘रोनरोको’वर आहे, तो ‘इग्वाझू’च्या पाठोपाठ ऐका.

पुढं मेक्सिकोच्या ‘काफे ताकूबा’ या बँडचा ‘रे’ (१९९४) हा अल्बम त्यांनी निर्माता म्हणून केला. वीस गाणी, एकाचा बाज दुसऱ्याला नाही, तरी बँड एकच वाटतो. कोलंबियाच्या हुआनेसचं ‘ला कामिसा नेग्रा’ इकडंही पुष्कळांनी ऐकलं असेल, त्याच्याही निर्मितीत हेच.

सिनेमा त्यांच्याकडं या अल्बमच्या वाटेनं आला. मायकल मान यांनी ‘द इनसायडर’मध्ये (१९९९) ‘इग्वाझू’ वापरलं. मग ‘आमोरेस पेरोस’, आणि पुढं ‘ब्रोकबॅक माउंटन’ व ‘बाबेल’साठी लागोपाठ दोन वर्षं ऑस्कर. ‘बाबेल’साठी त्यांनी ऊद हे अरबी वाद्य हातात घेतलं. या माणसाला पाश्चात्त्य नोटेशन लिहिता-वाचता येत नाही, असं ते स्वतःच सांगतात. आपल्याकडं गुरूसमोर बसून कानानं शिकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण हॉलिवूडमध्ये भल्यामोठ्या वाद्यवृंदाचं संगीत चालत असताना मोजक्या तारांवर दोन ऑस्कर मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. आणि हो, किरण राव यांच्या ‘धोबी घाट’चं (२०११) संगीतही त्यांचंच. मुंबईचा पाऊस आणि ती तार एकत्र ऐकायची असेल तर तो सिनेमा जरूर बघा.

अल्बममध्ये मला खटकतं ते एवढंच, की मधल्या भागात काही तुकड्यांची चाल आणि मनःस्थिती फार जवळजवळची आहे. एका बैठकीत सगळा ऐकला तर तिथं लक्ष ढळतं. गुणगुणायला मुखडा हवा असणाऱ्याला तर हा अल्बम कोरडाच वाटेल. मी दोन बैठकांत ऐका म्हणते. मोबाईलच्या स्पीकरवर मुळीच नको, खालचे सूर तिथं निम्मे मरतात. साधे वायरचे हेडफोन चालतील. बसच्या किंवा बाजाराच्या गोंगाटात लावू नका. रात्री जेवणं आटोपल्यावर पंखासुद्धा बंद करून ऐका, उन्हाळ्यात सांगलीला हे अवघड जातं, तरी करा.

वाजवणाऱ्यांसाठी आणखी थोडं. ‘इग्वाझू’ गिटारवर बसवताना पेडल, इको, सगळं काढून टाका. साध्या नायलॉनच्या तारांवर, नखांपेक्षा बोटाच्या पेरानं, लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम अगदी संथ लावून वाजवा. प्रत्येक सुराची आस विरेपर्यंत पुढचा सूर घ्यायचा नाही, असा सराव आठवडाभर करा आणि मग मूळ लयीत या. माझ्याकडच्या मुलांना मी गेमची धून त्यानंतरच शिकवते, आणि तेव्हा ती फार लवकर बसते.