डिजिटल ट्विनची परिपक्वता: पाणीपुरवठा विभागाने कोणता मापदंड लावावा?

पंप, जलवाहिन्या आणि जलकुंभ सांभाळणाऱ्या विभागाला डिजिटल ट्विन, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रणेची तिच्याशी जोडलेली संगणकीय प्रतिकृती, घ्यायचे असेल, तर दाखवली जाणारी प्रणाली नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे निविदा काढण्यापूर्वीच तपासले पाहिजे. त्यासाठी तीन मापदंड उपयोगी पडतात. मात्र प्रत्येक मापदंड वेगळी गोष्ट मोजतो.

पहिला मापदंड माहितीच्या प्रवाहाचा आहे. संशोधक क्रिट्झिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार, माहिती माणसाने भरावी लागत असेल तर ते डिजिटल मॉडेल, यंत्राकडून ती आपोआप येत असेल तर डिजिटल शॅडो, आणि प्रणालीचा आदेशही आपोआप यंत्रापर्यंत पोहोचत असेल तरच डिजिटल ट्विन. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ पासून उपलब्ध करून दिलेल्या ‘ईपानेट’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उभे केलेले वितरण जाळ्याचे प्रारूप कितीही अचूक असले, तरी स्काडाशी (यंत्रांवर दुरून देखरेख आणि नियंत्रण ठेवणाऱ्या संगणक प्रणालीशी) जोडले जाईपर्यंत ते मॉडेलच राहते. पुरवठादाराचा दावा पारखायला ही कसोटी उत्तम आहे, कारण आकर्षक त्रिमितीय चित्राने ती फसत नाही. तिची मर्यादा अशी, की मधे माणूस असणे ती अपुरेपणाचे लक्षण मानते. मोठ्या वाहिनीवरचा व्हॉल्व्ह एकदम बंद झाला तर दाबाची लाट उसळून वाहिनी फुटू शकते; अशा ठिकाणी अंतिम निर्णय अभियंत्याच्या हाती ठेवणे हे माझ्या मते शहाणपणाचेच आहे.

दुसरा मापदंड ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी आणि ॲटकिन्स ही अभियांत्रिकी सल्लागार कंपनी यांनी २०१९ मध्ये मांडला. प्रत्यक्ष स्थितीचे सर्वेक्षण म्हणजे पातळी ०, आणि स्वयंचलित संचालन व देखभाल म्हणजे पातळी ५. अनेक वर्षांचा आराखडा आखताना या पायऱ्या सोयीच्या पडतात, पण संपूर्ण विभागाला एकच पातळी देण्याचा मोह टाळावा. पंपाचे कंपन, बेअरिंगचे तापमान आणि मोटरचा विद्युतप्रवाह सेन्सरने सतत मोजता येतो आणि त्यावरून बिघाडाची चाहूल लागण्याचे तंत्र चांगलेच रुळलेले आहे. जमिनीखालच्या जुन्या वाहिनीचे वय, तिचा धातू, तिचे सांधे यांची नोंदच अनेकदा सापडत नाही, आणि तिच्या गळतीचा अंदाज रात्रीच्या किमान प्रवाहावरून बांधावा लागतो. एकाच विभागातील या दोन मालमत्तांमध्ये म्हणूनच कित्येक पायऱ्यांचे अंतर असू शकते.

तिसरा मापदंड आयएसओ ५५००१ हे मालमत्ता व्यवस्थापनाचे २०१४ चे आणि २०२४ मध्ये सुधारलेले आंतरराष्ट्रीय मानक. ते सॉफ्टवेअरला गुण देत नाही. मालमत्तेविषयीचे निर्णय कोणत्या निकषांवर होतात, जबाबदारी कोणाची आहे आणि त्यासाठी कोणती माहिती लागते, हे संस्थेला विचारते. माझा आग्रह सुरुवात येथून करण्याचा आहे, कारण दुरुस्ती केव्हा झाली आणि कोणता भाग का बदलला याची नोंद नसेल, तर प्रणालीचे भाकीत खरे ठरले की खोटे हे पडताळताच येत नाही.

त्यामुळे ज्या विभागाकडे दुरुस्तीच्या नोंदी नीट आहेत, त्याने पंपगृहांसाठी शॅडोच्या टप्प्याची प्रणाली आज घ्यायला हरकत नाही. जलवाहिन्यांसाठी मात्र आधी सर्वेक्षण करावे आणि प्रत्यक्ष दाब व प्रवाहाशी ताडून पाहिलेले साधे मॉडेल तयार करावे; वाहिन्यांच्या ट्विनसाठीची निविदा त्यानंतर काढावी.