बिलात नवा वॉटर पंप, इंजिनात जुनाच

बिलावर ठळक अक्षरांत होतं: ‘वॉटर पंप बदलला’, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव (कूलंट) फिरवणारा पंप. पंपाचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, कूलंटचे आणखी वेगळे. काही दिवसांनी माझी गाडी पुन्हा तापायला लागली, म्हणून दुसऱ्या मेकॅनिकने कव्हर उतरवलं, तर आत जुनाच पंप. त्याच्या अंगावरचं एक बारीक भोक तेवढं इपॉक्सीने बुजवलेलं.

ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर आधी सील आणि त्याच्या पलीकडे बेअरिंग असतं. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर टपकतं, आणि पंप बदलायची वेळ झाल्याचं कळतं. भोक बुजवल्यावर जमिनीवरचे थेंब थांबतात, गिऱ्हाईक खूश. पण कूलंट आता बेअरिंगकडे वळतं. ग्रीस धुऊन जातं, खरखर सुरू होते, पुली डगमगते. पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या दातेरी पट्ट्यावर) चालणारा असेल तर प्रकरण फारच महागात जातं. बेअरिंग जाम होऊन बेल्ट तुटला किंवा दात सरकले, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

एवढ्यावर भागलं नव्हतं. रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पावडरही ओतली होती. रेडिएटरच्या बारीक छिद्राला ती कधीकधी लागू पडते, हे खरं. पण सतत फिरणाऱ्या शाफ्टच्या झिजलेल्या सीलला ती काय धरणार? ती जाऊन बसते हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत. माझ्या गाडीत हीटर पूर्ण उघडूनही वारा कोमटच यायचा आणि रेडिएटरच्या टोपीच्या आत तपकिरी गाळ साचला होता. पंप खरंच बदलून कूलंट नवं भरलं असतं, तर हा गाळ आला कुठून?

आणखी एक युक्ती चालते, ती म्हणजे रेडिएटरची टोपी सैल ठेवणं. दाब उतरतो, गळती मंदावते. पण निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण दाबाशिवाय साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. टोपीने १ बारच्या आसपास दाब धरला तर १२५ च्याही पुढे. म्हणजे गळती वाचवायला जाऊन इंजिन उकळायचं.

पहिल्या गॅरेजवाल्याला बिल दाखवलं तर म्हणाला, “साहेब, गळती थांबली होती की नाही?” तात्पुरता इलाज करण्यात गैर काहीच नाही. रस्त्यात अडकलात तर पाणी भरत, हीटर पूर्ण चालू ठेवून, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवत सावकाश जवळचं गॅरेज गाठावं. फक्त गरम इंजिनाची टोपी उघडू नये. पण ‘हे तात्पुरतं आहे’ असं सांगून करणं वेगळं आणि नव्या पंपाचे पैसे लावणं वेगळं.

काढलेला पंप हातात मागा, काम ठरवतानाच. त्याची पुली हलवून बघा, भोकाजवळ वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत थर दिसतो का बघा. बसवलेल्या पंपावर टॉर्च मारा: नवं धातू चकचकीत दिसतं, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे असतात. माझ्या गाडीतल्या बोल्टांवर जुनं ग्रीस आणि धूळ तशीच चिकटलेली होती.