सोलेंटमध्ये सात मीटरची कौटुंबिक मोटरबोट: एका मोसमाच्या वापरानंतर

सोलेंट म्हणजे इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि वाइट बेट यांमधली सामुद्रधुनी. तिच्या काठी, साउदॅम्प्टन ते पोर्ट्समथ या पट्ट्यात राहून पहिली बोट घ्यायचा विचार करणाऱ्या घरांसाठी हे लिहितो आहोत. बोट साधारण सात मीटरची, बंद केबिनची, म्हणजे इथे जिला पायलटहाउस म्हणतात ती. मागे 150 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर लावलेलं इंजिन. जानोची मेरी फिशर, बेनेटोची अंतारेस, क्विकसिल्व्हरची पायलटहाउस या सगळ्या याच जातीच्या, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं तिन्हींना लागू पडतं. मुक्काम साउदॅम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीत. वापरणारी दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि उन्हाळ्यात भारतातून येणारे आजी-आजोबा.

आधी जागा ठरवा, मग बोट. बहुतेक जण बोट पसंत करून मग ठेवायला जागा शोधतात आणि तिथेच पैसे जातात. जागेवरून बोटीची लांबी, उंची, इंजिनाचा प्रकार आणि मुख्य म्हणजे घरचे किती वेळा बाहेर पडतील, हे सगळं ठरतं.

सोलेंटमध्ये पर्याय चार. पहिला मरीनाचा तरंगता धक्का: गाडी लावा, चालत जा, बोटीत पाय ठेवा. सात मीटरच्या बोटीला वर्षाला साधारण चार ते सहा हजार पाउंड. भाडं मीटरवर लावतात आणि मीटर मोजताना इंजिन, पोहायची फळी, पुढे आलेला नांगर सगळं धरतात. जाहिरातीत साडेसहा मीटर लिहिलेली बोट त्यांच्या टेपवर सातच्या वर जाते. दुसरा नदीतला बोया, म्हणजे तळाशी बांधलेला तरंगता गोळा, ज्याला बोट अडकवतात: भाडं धक्क्याच्या पाव हिश्शाच्या आसपास, पण दर वेळी छोट्या होडीने वल्हवत जायचं. लहान मुलं, जेवणाचे डबे आणि सत्तरीतले आजोबा घेऊन हे जमत नाही. असं कुटुंब बोया घेतं आणि जूननंतर बोटीकडे फिरकत नाही. तिसरा ड्रायस्टॅक: बोट जमिनीवर मांडणीत ठेवतात, फोन केला की फोर्कलिफ्ट पाण्यात सोडते. तळाला शेवाळ नाही, अँटिफाउलिंगचा (शेवाळ-शिंपले रोखणारा) रंग नाही, इंजिनाचा पाय, म्हणजे पंख्याजवळचा खालचा भाग, कायम कोरडा. पण त्यांच्या वेळेत परत यावं लागतं, ऊन पडलेल्या शनिवारी सकाळी रांग लागते, आणि मांडणीतल्या बोटीत बसून चहाही घेता येत नाही. केबिन असलेल्या बोटीचा निम्मा आनंद धक्क्याला बांधलेल्या बोटीत बसण्याचा असतो. म्हणून उघडी, छोटी, वेगवान बोट असेल तर ड्रायस्टॅक उत्तम. केबिन घेतली असेल तर धक्का. चौथा पर्याय ओहोटीला कोरडी पडणारी जागा. ती स्वस्त, पण भरतीच्या आगेमागे दोन-तीन तासच बाहेर पडता येतं. मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकाशी त्याचा मेळ बसत नाही.

कुठला मरीना, हेही महत्त्वाचं. पोर्ट सोलेंटला लॉक आहे, म्हणजे पाण्याची पातळी सांभाळणारे दरवाजे. आत पाणी शांत, बोट सुरक्षित, पण ते पोर्ट्समथ बंदराच्या पार वरच्या टोकाला. लॉकची वाट, मग 10 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) मर्यादेत अख्खं बंदर उतरायचं, आणि तोंडाशी 20 मीटरखालच्या बोटींनी पश्चिम बाजूच्या छोट्या चॅनलमधूनच, व्हीएचएफ रेडिओच्या 11 नंबरवर कान ठेवून जायचं. हॅम्बलमध्ये लॉक नाही, दिवसाच्या कुठल्याही वेळी निघता येतं. नदीत मर्यादा 6 नॉट, त्यामुळे जागा जितकी खाली, म्हणजे मुखाजवळ, तितका वेळ वाचतो. पुलाजवळच्या वरच्या मरीनांमध्ये शांतता जास्त, पण जाता-येता मिळून पाऊण तास नुसता नदीत जातो. मुलं लहान असतील तर हा पाऊण तास मोजा.

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी सांगायला नको, उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान) हे शब्द आपल्या रक्तात आहेत. पण इथली गोष्ट निराळी. साउदॅम्प्टनला भरती दोनदा चढते आणि पाणी वर दोनेक तास तसंच थांबतं. मग तेवढंच सगळं पाणी जेमतेम चार तासांत उतरायचं असतं, म्हणून ओहोटीला ओढ जबरदस्त. उधाणाला फरक चार मीटरच्या आसपास, भांगाला त्याच्या निम्मा. धक्का निवडताना उधाणाच्या ओहोटीला तिथे जाऊन उभं राहा आणि प्रवाह बोटींच्या रांगेला समांतर जातो की आडवा, ते बघा. आडवा जात असेल तर ती जागा पहिल्या बोटीसाठी नको, भाडं कमी असलं तरी.

बोट लावण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण घरातली भांडणं इथेच होतात. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं. पंख्याचा रेटा ज्या दिशेला, त्यावरच बोट वळते. न्यूट्रलमध्ये ती जवळजवळ वळतच नाही. त्यात केबिन उंच आणि तळ उथळ, त्यामुळे वारा बोटीचं तोंड पटकन ढकलतो. क्रम असा: आधी एखाद्या खांबाभोवती पाणी कुठल्या बाजूला फेस काढतंय ते बघा आणि शक्यतो प्रवाहाला तोंड करून या. फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून लावायच्या फुगीर उशा, धक्क्याच्या उंचीला बांधा, दोन्ही बाजूंना. स्टिअरिंग आधी फिरवा, गिअर नंतर टाका, एक सेकंद, परत न्यूट्रल. बोटीच्या मधल्या क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) बांधलेला दोर हातात घेऊन एकाने उतरायचं, उडी मारायची नाही. तो दोर धक्क्यावरच्या मागच्या बाजूच्या क्लीटला एक वेढा देऊन अडकवायचा. आता चालकाने स्टिअरिंग धक्क्याच्या विरुद्ध बाजूला पूर्ण फिरवून पुढचा गिअर मंद वेगात टाकला की बोट आपोआप धक्क्याला चिकटून उभी राहते. मग बाकीचे दोर सावकाश बांधा. हे जमलं की एकटा माणूसही बोट लावू शकतो. बो थ्रस्टर, म्हणजे बोटीचं तोंड बाजूला ढकलणारा छोटा पंखा, असला तर आडव्या वाऱ्यात मोठा आधार, आणि नवीन बोटीत तो सुरुवातीलाच बसवून घेणं नंतरपेक्षा स्वस्त पडतं.

समुद्रात बोट कशी वागते? 18 ते 20 नॉटला 150 चं इंजिन निवांत चालतं आणि दर सागरी मैलाला साधारण 1.4 लिटर पेट्रोल जातं. हॅम्बलच्या मुखापासून वाइट बेटावरचं यार्मथ चौदा मैलांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन 40 लिटर. 6 नॉटला याच्या जवळजवळ निम्म्यात भागतं. 9 ते 12 नॉटचा टप्पा सगळ्यात वाईट: तोंड वर उचललेलं, पुढचं दिसत नाही, आणि मैलाला पेट्रोल 18 नॉटपेक्षा जास्त. दुर्दैवाने लाटा आखूड आणि उभ्या झाल्या की नेमकं त्याच वेगात यावं लागतं, कारण 15 च्या वर तळ आपटायला लागतो. ट्रिम टॅब, म्हणजे मागे तळाशी असलेल्या हलत्या पट्ट्या, त्यासाठीच हवेत. तोंड खाली दाबलं की आपटणं बरंच कमी होतं.

अशा लाटा कधी येणार, हे आधी सांगता येतं. पोर्ट्समथच्या पूर्ण भरतीच्या साधारण तासभर आधी पश्चिम सोलेंटमधला प्रवाह पश्चिमेकडे वळतो. वारा इथे बहुतेक नैर्ऋत्येचा. दोघे समोरासमोर आले की वाऱ्याच्या जोराच्या बोफोर्ट मापावर 4 मध्येही आजी-आजोबांना नको होतं. सोलेंटच्या पश्चिम टोकाला हर्स्टच्या चिंचोळ्या तोंडाशी उधाणाला प्रवाह 4 नॉटच्या वर जातो. वारा विरुद्ध असेल तर तिथे जाऊच नये. बोटीवर सी वर्गाची पाटी असते, म्हणजे बांधणी बोफोर्ट 6 आणि 2 मीटरच्या लाटांपर्यंतची. ती पाटी बोटीची आहे, मुलांच्या पोटाची नाही. कुटुंबासाठी मर्यादा 3, फार तर आडोशाला 4.

आडोसा हवा तर वाइट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा ऑस्बोर्न बे. नैर्ऋत्य वाऱ्यात पाणी तळ्यासारखं असतं, मुलांना पोहता येतं. वर झाडीत व्हिक्टोरिया राणीचा तो वाडा, ज्याचं दरबार दालन पंजाबचे वास्तुविशारद भाई राम सिंग यांच्या आराखड्यावरून सजवलेलं आहे. तिथे साखळीचा हिशेब असा: ओहोटीला 3 मीटर पाणी, त्यात उधाणाचे 4, पाण्यापासून बोटीच्या तोंडापर्यंत 1. एकूण 8, त्याची चौपट 32 मीटर. विक्रेते बहुतेक वेळा 20 मीटर साखळी देतात. 8 मिलिमीटरची 30 मीटर साखळी, पुढे 20 मीटर दोर आणि 10 किलोचा नांगर करून घ्या. साखळीचं आतलं टोक बोटीला दोराने बांधा, शॅकलने (लोखंडी कडीने) नको. वेळ आली तर दोर सुरीने कापता येतो.

मोठ्या जहाजांची भीती बाळगा. साउदॅम्प्टनच्या वाटेवर कॅल्शॉट आणि ब्रॅम्बल बँकेजवळ ती मोठं वळण घेतात. 150 मीटरच्या वरच्या जहाजापुढे 1000 मीटर आणि दोन्ही बाजूंना 100 मीटर हा निषिद्ध पट्टा असतो. व्हीएचएफचा 12 नंबर लावून ठेवला की जहाज कधी निघालं ते कळतं. ब्रॅम्बल बँक म्हणजे ऐन मध्यातला वाळूचा उंचवटा. मोठ्या उधाणाच्या ओहोटीला तो उघडा पडतो आणि वर्षातून एकदा तिथे क्रिकेटही खेळतात, यावरून पाणी किती उथळ ते समजा.

पेट्रोल ही या बोटीची सगळ्यात मोठी अडचण. पाण्यावरच्या पंपांवर डिझेल जवळपास सगळीकडे, पेट्रोल मोजक्याच ठिकाणी आणि रस्त्यापेक्षा महाग. कॅनने आणू म्हणाल तर प्लास्टिकचा कॅन 10 लिटरपर्यंत, लोखंडी 20 पर्यंत, आणि घरात न कळवता 30 लिटरच ठेवता येतं. 150-170 लिटरची टाकी अशी भरत नाही. म्हणून मरीना निवडताना पेट्रोल पंप किती लांब, तो हिवाळ्यात चालू असतो का, हे विचारा. सप्टेंबर 2021 पासून इथलं साधं पेट्रोल ई10, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, आहे. त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बोट आठवडे उभी राहिली की पाणी तळाशी वेगळं होतं. शक्य तिथे ई5 भरा आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर दर सर्व्हिसला बदला.

आउटबोर्ड घ्यायचं मुख्य कारण म्हणजे ते पाण्याबाहेर उचलता येतं. मात्र धक्क्यावर पूर्ण टिल्ट केल्यावरही खालचं पातं पाण्यात राहतं का, ते विकत घेण्यापूर्वी डोळ्यांनी बघा. राहत असेल तर मेपर्यंत शेवाळ, जुलैत शिंपल्यांचा थर. त्या पायावर तांब्याचा अँटिफाउलिंग रंग कधीही लावू नका. पाय ॲल्युमिनियमचा, तांब्याच्या संगतीने तो खारट पाण्यात खड्डे पडून झिजतो. झिंक, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, निम्मं झिजलं की बदला. किनाऱ्यावरची वीज कायम जोडून ठेवत असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हवाच, कारण अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या सगळ्या बोटी जोडल्या जातात आणि तुमचं झिंक त्यांच्यासाठी झिजतं.

दर फेरीनंतर गोड्या पाण्याने फ्लश, बहुतेक इंजिनांत इंजिन बंद ठेवून, दहा मिनिटं. मोसमात दोन-तीनदा पंखा काढून बघा: स्प्लिट पिन, नट, वॉशर, पंखा, मग त्यामागचा थ्रस्ट वॉशर. तिथे मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळलेली सापडते. ती शाफ्टचं सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. खालचा स्क्रू जरासा सैल करून चार थेंब बोटावर घ्या. तेल दुधाळ असेल तर बोट बाहेर काढायची, पुढच्या शनिवारची वाट बघायची नाही. परत बसवताना शाफ्टच्या खाचांना ग्रीस आणि स्प्लिट पिन नवीन.

केबिनमध्ये ऑक्टोबरपासून काचांवर पाणी जमतं आणि गाद्यांखाली बुरशी धरते. डिझेल हीटर बसवला तर पेट्रोल बोटीत त्याला वेगळी छोटी डिझेलची टाकी लागते आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही. हिवाळ्यात गाद्या घरी, पाण्याची टाकी रिकामी, डीह्युमिडिफायर चालू. जमिनीवर ठेवलेल्या बोटीचं इंजिन उभं, खाली सोडलेलं ठेवा. आत अडकलेलं पाणी गोठलं तर गिअरची पेटी तडकते.

बिल्ज पंपाचा, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा, फ्लोट स्विच मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर जोडलेला आहे का ते तपासा. नसेल तर मेन स्विच बंद करून घरी गेलात की पंपही बंद. फुगणाऱ्या लाइफ जॅकेटचा गॅस सिलिंडर हलून सैल होतो, दर महिन्याला हाताने आवळा. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधला पट्टा हवाच. किल कॉर्ड, म्हणजे चालक जागेवरून पडला की इंजिन बंद करणारी दोरी, चालकाच्या पायाला, केबिनमध्ये बसलात तरी. 2013 मध्ये कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोजवळ कॉर्ड न लावल्यामुळे रिकामी बोट गोल फिरत एका कुटुंबावरून गेली. त्यात जीव गेले.

इंग्लंडमध्ये समुद्रात बोट चालवायला परवाना लागत नाही. तरी आरवायए या ब्रिटिश बोटिंग संघटनेचा दोन दिवसांचा पॉवरबोट लेव्हल 2 कोर्स दोघांनीही करा, एकाने नव्हे. व्हीएचएफसाठी एसआरसी हे रेडिओ वापरण्याचं प्रमाणपत्र लागतं. बोटीचा रेडिओ परवाना ऑफकॉम या दूरसंचार नियामकाकडून ऑनलाइन मोफत मिळतो. विमा कायद्याने सक्तीचा नाही, पण त्याशिवाय मरीना आत घेत नाही. पॉलिसीत 17 नॉटच्या वरच्या बोटींसाठी वेगळं कलम असतं आणि आउटबोर्डला मान्यताप्राप्त कुलूप मागतात. ते नसेल तर चोरीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

मरीनाचा करार सही करण्यापूर्वी तीन कलमं शोधा: मोसमाच्या मध्यात बोट विकली तर उरलेलं भाडं परत मिळतं का, बाहेरचा मेकॅनिक आणायला परवानगी आहे का, आणि त्यांच्या धक्क्यावर असताना बोट विकली तर ते कमिशन घेतात का. काही ठिकाणी ते किमतीच्या एक टक्का असतं.