नॉब १ वर ठेवला तरी हॉब भडकतोच? नौपाड्यातल्या रिपेअरवाल्या काकांचा अनुभव

आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो, घोडबंदर रोड. फ्लॅट घेतला तेव्हा आधीच्या मालकांनी आखातातून आणलेला चार चुलींचा इलेक्ट्रिक हॉब ओट्यातच बसवलेला होता, तो तसाच आमच्या गळ्यात पडला. इंडक्शन नाही हां, काळ्या काचेखाली कॉइल लालबुंद होते तो, नॉब फिरवायचा प्रकार. सासूबाईंनी आधी बरीच नाकं मुरडली पण आता गॅस असूनही दूध त्यावरच तापतं.

तर मागच्या महिन्यात डावीकडची पुढची चूल वेड्यासारखी वागायला लागली. नॉब १ वर ठेवा नाहीतर ६ वर, आच एकच, फुल्ल. भाताला शेवटची वाफ यावी म्हणून मंद ठेवला तो तळाला लागला, दुसऱ्या दिवशी दूध करपलं आणि मग पिठलं, तेव्हा मी हात टेकले. बंद केल्यावर बंद होत होती एवढंच नशीब.

आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला फोन केला (नाव नाही लिहीत). माणूस आला, हॉब उघडलासुद्धा नाही, मॉडेल जुनं आहे मॅडम पार्ट येत नाही नवीन घ्या म्हणाला, व्हिजिटचे ५९० घेतले आणि लिफ्टमधून खाली पोचायच्या आत व्हॉट्सॲपवर नव्या हॉबचा कॅटलॉग पाठवला. स्पीड मात्र मानला!

मग बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियनने या काकांचा नंबर दिला. दुकान नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, बोर्ड नाही, शटरवर रंगाने फक्त मिक्सर गिझर रिपेअर लिहिलंय. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळणार नाही म्हणजे नाहीच. घरी यायला आढेवेढे घेतले, शेवटी सकाळी साडेआठला आले, म्हणे कापूरबावडीला अडकलो तर माझा दिवस गेला ताई.

मला आवडलं ते हे की त्यांनी आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर काढलाच नाही. दोन चुलींवर पाण्याची पातेली ठेवायला सांगितली, दोन्ही नॉब २ वर, आणि घड्याळ बघत उभे राहिले. चांगली चूल थोडा वेळ लाल व्हायची, विझायची, बराच वेळ काळी, परत लाल. बिघडलेली मात्र लाल ती लालच. मग सांगितलं की हा पंख्याच्या रेग्युलेटरसारखा प्रकार नाही, यात करंट कमीजास्त होत नाही, कॉइल एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, आच कमी म्हणजे चालू राहायचा वेळ कमी. हे काम करतो तो नॉबमागचा सिमरस्टॅट. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते, तिला एक बारीकशी कॉइल तापवते, तापली की पट्टी वाकते आणि करंट जोडणारा पॉइंट सुटतो, गार झाली की परत चिकटतो. नॉब फिरवून आपण फक्त ती किती लवकर सुटणार ते ठरवतो. इतकी वर्षं वापरते, मला वाटायचं चूल मध्येच विझते म्हणजे लाइटचा काहीतरी लोचा आहे!

नंतर वायरला क्लॅम्प मीटर (करंट मोजायचा चिमटा) लावला, सतत ७.८ अँपिअर, एकदाही शून्यावर नाही. मग मेन एमसीबी पाडून (नुसता नॉब बंद करून आत हात घालायचा नाही, एखादी वायर लाइव्ह राहू शकते, हे मला दोनदा बजावलं) कॉइलचा रेझिस्टन्स मोजला तर २९ ओहम, १८०० वॅटच्या कॉइलला तेवढाच हवा, म्हणजे कॉइल ठणठणीत. जुना सिमरस्टॅट उघडून दाखवला, पॉइंट काळे पडून एकमेकांना चिकटलेले. मी म्हटलं घासून नाही का चालणार, तर म्हणाले चालेल की, दोन महिने, मग परत मला बोलवाल. हे न सांगता घासून पैसे घेतले असते तर मला काय कळणार होतं?

आता रडगाणं. उद्या आणतो म्हणाले त्याला अकरा दिवस लागले. मुंबईला लोहार चाळीतून पहिल्यांदा आणलेल्या पार्टचा दांडा आखूड निघाला, नॉब बसेना, परत फेरी. दुपारी १ ते ४ फोन उचलत नाहीत, बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं. आणि सगळ्यात राग आला तो म्हणजे नवीन पार्टला दिव्याचं टर्मिनलच नाही त्यामुळे त्या चुलीचा चालूचा लाल दिवा आता लागत नाही, हे बसवून झाल्यावर सांगितलं. आधी विचारायला काय झालं होतं? काच गरम असल्याचा दिवा वेगळा असतो, तो लागतोय, म्हणून गप्प बसले.

खर्च: पार्ट १३५०, दोन व्हिजिटचे ३०० प्रमाणे ६००, मजुरी ४००, एकूण २३५०. कामाला पाचपैकी पाच, वेळ पाळण्याला दोन, ओढूनताणून. फोन सकाळी दहाच्या आधी करा आणि हॉबच्या खालच्या स्टिकरचा, जुन्या पार्टवरच्या नंबरांचा फोटो पाठवून ठेवा, आमची एक फेरी तरी वाचली असती. दिव्याचं आठवणीने विचारा.

नवीन सिमरस्टॅटचे आकडे जुन्याशी तंतोतंत जुळत नाहीत, पूर्वीचा २ म्हणजे आता साधारण अडीच. सासूबाईंनी माझं नेलपेंट घेऊन तिथे एक ठिपका मारून ठेवलाय, दुधासाठी. त्याला हात लावायचा नाही अशी घरात सगळ्यांना ताकीद आहे.