वेल्डबंद कॅनिस्टर आणि काँक्रीट कवच : वापरलेल्या अणुइंधनाच्या कोरड्या साठवणीचं परीक्षण

वापरलेलं इंधन पाण्याच्या टाकीतून काढून कोरडं साठवायची पद्धत अमेरिकेत 1986 मध्ये सरी अणुवीज केंद्रापासून सुरू झाली. आज बाजारात जास्त चालणारी रचना अशी : 13 ते 16 मिमी जाडीचं स्टेनलेस स्टीलचं कॅनिस्टर (इंधन ठेवायचा डबा), त्याभोवती साधारण पाऊण मीटर जाडीचं काँक्रीट. मोठ्या मॉडेलमध्ये दाबित जल अणुभट्टीचे 37 इंधनसंच (इंधन भरलेल्या नळ्यांचे जुडगे) बसतात.

थंड ठेवायची सोय उत्तम आहे. खालच्या झरोक्यांतून हवा आत येते, तापून वरून निघून जाते. पंप नाही, पंखा नाही, त्यामुळे वीज गेली तरी चिंता नाही. जाळीत पाला किंवा घरटं अडकलं तर मात्र तापमान चढतं, म्हणून झरोके रोज पाहावेत किंवा तिथे तापमापक बसवावेत.

विक्रेते काँक्रीटबद्दल भरभरून बोलतात. पण माल पारखायचा तो वाळवण्यात आणि वेल्डमध्ये.

कॅनिस्टर पाण्याखाली भरतात, झाकण ठेवून वर काढतात, वेल्ड करतात आणि पाणी उपसून व्हॅक्यूम लावतात. कसोटी अशी : दाब 3 टॉरपर्यंत (बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 760 टॉर) उतरवायचा, पंप वेगळा करायचा आणि अर्ध्या तासात दाब त्यावर चढता कामा नये. पंप घाईने ओढला तर उरलेल्या पाण्याचा बर्फ होतो. तेव्हा दाब छान उतरलेला दिसतो. बर्फ वितळला की परत वर येतो. म्हणून टप्प्याटप्प्याने उतरा, मध्ये थांबा. व्हॅक्यूममध्ये उष्णता नीट वाहत नाही, तेव्हा क्लॅडिंग, म्हणजे इंधनाभोवतीची झिर्कोनियमची नळी, तापतं. मर्यादा 400 अंश सेल्सियस. ती ओलांडली तर झिर्कोनियममध्ये विरघळलेला हायड्रोजन थंड होताना त्रिज्येच्या दिशेने साचतो आणि नळी ठिसूळ होते. जास्त बर्नअपच्या (म्हणजे अणुभट्टीत जास्त ऊर्जा देऊन झालेल्या) इंधनाला गरम हेलियम फिरवून वाळवणं मला केव्हाही बरं वाटतं. वेळ आणि उपकरणं जास्त लागली तरी चालेल.

वेल्डिंगच्या वेळचा धोका हायड्रोजनचा. मे 1996 मध्ये अमेरिकेतल्या पॉइंट बीच अणुवीज केंद्रात झाकण वेल्ड करताना आत साचलेला हायड्रोजन पेटला आणि टनावारी वजनाचं झाकण जागेवरून उचललं गेलं. आतल्या जस्ताच्या लेपाची बोरॉनयुक्त पाण्याशी क्रिया होऊन तो वायू तयार झाला होता. ॲल्युमिनियमचे भागही पाण्यात हायड्रोजन सोडतात. तेव्हा झाकणाखाली निष्क्रिय वायू सोडत राहणं आणि हायड्रोजन मोजत राहणं, दोन्ही हवंच. वेल्डच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या थराची डाय-पेनिट्रंट चाचणी (रंगद्रव लावून बारीक भेगा शोधणं) मागून घ्या.

माझी खरी तक्रार आहे ती तपासणीची. समुद्राजवळ हवेतलं मीठ कॅनिस्टरवर बसतं आणि वेल्डशेजारच्या ताणाखालच्या पट्ट्यात भेगा पाडू शकतं. गंमत नाही ही : पृष्ठभाग गरम असतो तोवर मीठ कोरडं राहतं, किरणोत्सारी उष्णता ओसरल्यावर ते ओल धरतं. म्हणजे जितकं जुनं कॅनिस्टर, तितका धोका जास्त. काँक्रीट आणि स्टील यांच्यामधली फट काही सेंटीमीटरची. तिथे झरोक्यातून छोटा रोबोट सोडावा लागतो आणि त्याला प्रत्येक वेल्डपर्यंत पोचता येईलच असं नाही. विक्रेत्याकडून हे प्रात्यक्षिक आधी करून घ्या, तेही तुमच्याच मॉडेलवर. किनाऱ्यासाठी 304 ऐवजी 316 एल प्रतीचं स्टील आणि पीनिंग केलेले (पृष्ठभाग ठोकून ताण घालवलेले) वेल्ड घ्यावेत.

दुसरा पर्याय कास्क, म्हणजे बोल्ट केलेल्या झाकणांचं जाड धातूचं पिंप. दोन झाकणं, धातूचे सील आणि दोहोंमधल्या दाबावर कायमची नजर : सील सैल पडलं की लगेच कळतं. फुकुशिमा दाइइचीतले 9 कास्क 2011 च्या त्सुनामीत बुडाले, तरी आतलं इंधन सुरक्षित राहिलं. कॅस्टर व्ही/19 या कास्कच्या मॉडेलमध्ये 19 च संच मावतात आणि भरल्यावर वजन सव्वाशे टनांच्या घरात जातं, म्हणून आधी क्रेनची क्षमता तपासा. कास्क जास्त लागतील, खर्चही वाढेल. तरी खारट हवेच्या जागी मी हाच घेईन. कोरड्या, आतल्या प्रदेशात वेल्डबंद कॅनिस्टर पुरेसं आहे, वाळवणाऱ्या तुकडीला घाई नसेल तर.