सायकलची रिम घासून ब्रेक खरंच लागतो का? पावसाळा ते उन्हाळा वापरून सांगतो

आधी निकाल सांगून टाकतो, पॉलिश पेपरने रिम घासली की ब्रेक चांगला धरतो, पण ते सुख टिकत नाही अन् ब्रेकचं रबर मात्र भसाभस संपतं. पावसाळ्याच्या तोंडावर घासली होती, आता ऊन तापायला लागलंय, म्हणजे सगळे मोसम बघून झाले.

सायकल साधीच, व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे), ॲल्युमिनियमची रिम. राहतो चाळीसगावात, रोजचं कामावर जाणं-येणं सपाटीवरचं, तिथे कसलाही ब्रेक चालून जातो. खरी परीक्षा सुट्टीच्या दिवशी कन्नड घाट उतरताना, रस्ता ओला, वळणावर समोरून ट्रक, आणि आपण दोन्ही ब्रेक आवळून बसलोय तरी सायकल आपली चाललीच आहे.

तर केलं असं की 220 नंबरचा पेपर घेतला, सायकल उलटी ठेवून चाक फिरवत जिथे रबर टेकतं तेवढीच पट्टी हलक्या हाताने घासली आणि फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसली. फडकं काळंकुट्ट! जुनं रबर, तेल, ॲल्युमिनियमची भुकटी यांचा थर बसून रिम चकचकीत झालेली असते. शेजारचा सायकलवाला बघत उभा, म्हणे "काय करी राह्यना भाऊ!"

कोरड्या रस्त्यावर फरक लगेच कळला, एका बोटावर चाक थांबायचं. किंचाळायचं खूप, पण रबराची पुढची कड आधी टेकेल असं जरा तिरकं बसवलं की आवाज गेला. पावसात मात्र सुरुवातीला तसंच घसरायचं, रबराने पाणी पुसून काढेपर्यंत धरतच नाही, त्याला घासणं काही करू शकत नाही. त्यात पाटणादेवीच्या रस्त्याला आपली काळी माती, चिखल रिमवर चढतो, त्यातली कच रबरात रुतते आणि ब्रेक दाबला की चर्रर्र. रबर काढून बघितलं तर आत ॲल्युमिनियमचे चमकणारे कण, टाचणीने उकरून काढावे लागले. काही आठवड्यांत रिमवरचे ओरखडे झिजून पुन्हा गुळगुळीत.

मग पुढच्या खेपेला रिमला पेपर लावलाच नाही, नुसती स्पिरिटने पुसली आणि रबराचा चकाकणारा पृष्ठभाग पेपरवर घासून घेतला. पकड जवळपास तेवढीच आली! म्हणजे श्रेय घासण्याचं कमी, साफसफाईचं जास्त. नंतर चांगलं मऊ रबर टाकलं तेव्हा तर ओल्यातही बरंच बरं वाटलं, पैसे घालायचे तर तिथेच घाला.

जुन्या काळ्या सायकलींच्या क्रोमवाल्या लोखंडी रिमला मात्र पेपर लावूच नका, क्रोम निघालं की गंज आलाच. तशा रिमसाठी चामड्याची पट्टी लावलेली ब्रेक रबरं यायची, पावसात तीच बरी. सिरॅमिक कोटिंगवाल्या रिमलाही हात लावू नका. ॲल्युमिनियमची रिमसुद्धा प्रत्येक घासण्याला पातळ होते, कडेवर फूटपट्टी उभी धरून बघा, मधे खोलगट दिसली तर टायरच्या हवेच्या दाबानेच कड फाटू शकते, तीही नेमकी उतारावर.

हां, चेनला स्प्रे मारताना मागच्या रिमवर कापड धरा, एक फवारा उडाला की पुन्हा स्पिरिटची बाटली काढायची.