कवळी, कॅप आणि मिसरी: घरातल्या सगळ्यांच्या दातांची कामं झाल्यावर काही महिन्यांनी

दिवाळीनंतर आमच्या घरात दातांचं एकेक काम निघालं ते उन्हाळा लागेपर्यंत चाललं. सासऱ्यांची कवळी, नवऱ्याचं रूट कॅनॉल, मुलाच्या दाढा, सासूबाईंच्या हिरड्या. काम झालं त्या दिवशी सगळेच खूश असतात, म्हणून तेव्हा लिहायला घेतलं नाही. आता पावसाळाही सरला, सगळे आपापलं जेवतायत, तेव्हा कशाचं कसं चाललंय ते सांगते. दवाखान्यात कामाचे पैसे सांगतात. त्या कामापाठी घरी रोज काय करावं लागेल ते मात्र आपण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. माझा भर त्यावरच आहे.

आधी कवळी, कारण सगळ्यात जास्त डोकं तिनेच खाल्लं. सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, उरलेसुरले दात काढल्यावर लगेच माप घ्यायचं नाही, हे पहिलं कळलं. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं, सुरुवातीच्या महिन्यांत तर भराभर. जखमा भरून हिरडी बसली की मग माप. शिवाय कवळी एका फेरीत होत नाही. माप, मग चावा कसा बसतो ते, मग मेणात दात लावून तोंडात घालून बघणं, आणि मग पक्की कवळी. आम्ही पारोळ्याकडचे, धुळ्याला एसटीने जायचं, त्यामुळे या फेऱ्या आधीच विचारून तारखा लावून घ्या. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी काम करतात, शिक्षक टप्प्याटप्प्याला तपासतात. वेळ जास्त जातो, पैसे कमी. ज्यांना शेताची घाई नाही त्यांनी जरूर विचार करावा.

वरची कवळी छान बसली. ती टाळूला चिकटून धरते. खालची मात्र हलते, आणि ते बनवणाऱ्याचा दोषच असेल असं नाही: खाली टेकायला जागा कमी आणि मध्ये जीभ सतत हलणारी. पहिले काही आठवडे आबा ती खिशात घेऊन फिरायचे. हिरडीला टोचायला लागल्यावर त्यांनी कानस शोधायला घेतली होती, ती आम्ही लपवली! घरी घासायची नाही, दाखवायला जायचं. आणि जायच्या आदल्या दिवशी घालून ठेवायची, म्हणजे कुठे लागते ती लाल जागा डॉक्टरांना दिसते. नुसतीच पिशवीत घालून नेली तर ते तरी काय बघणार.

आमच्याकडच्या जेवणात तिची परीक्षा अशी झाली. खापरावरचे मांडे, खिचडी, वरणात भिजवून कुस्करलेली बट्टी, सगळं पहिल्याच महिन्यात जमलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी दुधात किंवा शेवभाजीच्या रश्श्यात मोडून. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चावायचं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही. भरीत मऊ, पण वांग्याच्या बिया खालच्या कवळीखाली शिरतात आणि बाभळीचा काटा भरल्यासारखे आबा ओरडतात. त्यावर एकच, जेवल्यावर काढून धुवायची. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, कोरडे जमले नाहीत ते नाहीतच. ऊस सोडला.

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात आकार बिघडतो, कोरडी पडू दिली तरी तेच. घासायला मऊ ब्रश आणि साबण. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात. खाली पाण्याने भरलेली बादली ठेवून धुवा, हातातून सुटली तरी फुटत नाही. आबा सुरुवातीला रात्रीही घालून झोपायचे आणि टाळू लालेलाल झाली. ते बुरशीचं निघालं. साखरेचा आजार असलेल्यांना लवकर होतं. रात्री काढायला लागले, औषध दिलं, बसलं. हाड पुढेही थोडं थोडं झिजतच राहतं, म्हणून काही वर्षांनी आतून अस्तर भरून घ्यावं लागेल, हे आत्ताच धरून चाला.

सासूबाईंचं प्रकरण अवघड होतं. लहानपणापासून मिसरी. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, सकाळ-दुपार-संध्याकाळ हिरड्यांना लावायची. दवाखान्यात चला म्हटलं की एकच उत्तर, “माले काही व्हयेल नही.” आणि खरंच, रक्त येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं ते मला नवीन होतं: तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आतून हिरडी खराब होत असली तरी रक्त येत नाही आणि माणूस निवांत राहतो. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने 1992 साली बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार. महाराष्ट्रात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे, तो मिळतो की नाही हे वाचणाऱ्यांनाच माहीत.

त्यांचं किटण काढलं. दुसऱ्या दिवशीपासून तक्रार: दात मोकळे झाले, फटी पडल्या, थंड पाणी लागतं. शेजारणी म्हणाल्याच, दात साफ केले की हलायला लागतात. तसं नसतं. फटी आधीपासूनच होत्या, किटणाने बुजल्या होत्या. ते निघालं की फट दिसते आणि उघडं पडलेलं मूळ काही दिवस झिणझिणतं. महिनाभरात ते थांबलं. हिरड्या चांगल्या राहिल्या तर साखर आटोक्यात ठेवायला मदत होते आणि साखर वाढली की हिरड्या बिघडतात, म्हणून त्यांची साखरही तपासून घेतली. मिसरी तीनदाची एकदावर आलीय. सुटली असं मी लिहिणार नाही. गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा अथवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर दाखवायचं, हे त्यांना पाठ करून दिलंय, आणि दर काही दिवसांनी मी टॉर्च लावून बघते. कुरकुरतात, पण तोंड उघडतात.

नवऱ्याच्या रूट कॅनॉलबद्दल थोडक्यात. दाढ ठणकत होती, मेडिकलमधल्या गोळ्यांवर दिवस काढले, मग एकदम दुखायची थांबली. थांबली म्हणजे आतली नस मेली. कीड गेली नाही. दाढ आतून साफ करून भरली आणि वर कॅप बसवली. ज्या दवाखान्यात आधी विचारलं तिथे “कॅपचे इतके” एवढंच सांगितलं. नुसता धातू, धातूवर सिरॅमिक की झिर्कोनिया ते नाही. किमतीत मोठा फरक पडतो, तेव्हा प्रकार आणि वॉरंटी कागदावर लिहून घ्या. आज ते त्या बाजूने शेंगदाणे खातात. मात्र नस काढलेल्या दाढेला कॅपच्या कडेने पुन्हा कीड लागली तर ती दुखून सांगणार नाही. म्हणून त्या कडेला रोज फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा) आणि अधूनमधून तपासणी.

मुलाचं शाळेतच कळलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं, त्यांनी कार्डावर दातांची कीड लिहून दिली. घरात पहिला सूर, दुधाचे आहेत, पडणारच. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. आधी काढली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दाताला जागा उरत नाही. एका दाढेत सिमेंट भरलं, एकीवर स्टीलची कॅप. मुख्य म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते ती पक्कीच असते. आधी कुठला दात पडत नाही, म्हणून ती दुधाची वाटते. तिच्या खाचांमध्ये सीलंट, म्हणजे कीड शिरू नये म्हणून खाचा बुजवणारा पातळ थर, भरून घेतलं. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, पोरगं रडलंसुद्धा नाही. सगळ्या खर्चात मला हाच सगळ्यात पटला. त्याचा तुकडा उडू शकतो, तेवढं सहा महिन्यांनी बघून घ्यायचं.

केळीचे वेफर्स मात्र कमी केले. जळगाव जिल्ह्यात राहून हे सांगणं कठीण आहे, पण ते खाचांत चिकटून बसतात, आणि किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं यावर कीड ठरते. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, रात्रीचा ब्रश मी स्वतः करते, नंतर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही.

इम्प्लांटचं, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूचं, बऱ्याच जणांनी विचारलं. आबांना खालच्या बाजूला दोन बसवून कवळी त्यावर अडकवता येते असं डॉक्टर म्हणाले. हाड आणि साखर बघून ठरेल, आणि कपाशीचे पैसे आल्यावर.